बिडी बाहेर, दिवा आत

मास्क पेटला.

भस्सकन्. पाचटाचा जाळ मी बघितलाय, स्टोचा भडका बघितलाय, पण ह्यो तसला न्हाई. धूर न्हाई, काई न्हाई, नुसता पांढरा उजेड अन् त्या उजेडात माह्या पोरीचं तोंड. तिचे दोन्ही हात माह्या हातात व्हते. ते सोडले अन् मास्क ओढला. प्लास्टिक तळहाताला चिकटलं, चिकटू दे म्हणलं, ओढला. त्याचं रबर तिच्या केसात गुतलेलं, केस जळायलेले, वास सुटलेला. पदर तिच्या तोंडावर दाबून धरला. तवर जाळ नळीनं मशीनीकडं पळायला लागला, सुरसुर, सुरसुर, अन् मशीन आपली हवा सोडायलीच. लाथ मारून नळी उपटली मी. ओरडावं म्हणलं तर दमच न्हाई. तोंड उघडं अन् आवाज न्हाई, सपनात व्हतं तसं.

बाकीचे काय करायलते म्हणता? पुढारी सगळ्यात पुढं पळाला. एक चप्पल हॉलात, एक दारात. त्याच्या बायकोनं ओवाळायचं ताट टाकलं अन् कुंकू फरशीभर झालं, मला वाटलं रगत. टेबलावर पुढाऱ्यासाठी पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या, शिलबंद. चार बाप्ये त्या बाटल्यांची झाकणं पिळत बसले, अन् एक म्हणायला, "आरं दाताने तोड, दाताने!" सर मशीनीचं बटण हुडकत टेबलाखाली शिरले ते शिरलेच. जागेवर उभा राह्यला त्यो एकटा फोटोवाला. त्यो फोटो काढायलता.

आता माही पोरगी तिथं कावून बसली व्हती ते सांगते. मला दम लागतो, रक्त कमी हाय म्हणतात, म्हणून जमंल तसं लिहिते. शाळा सातवीपर्यंत झाली. आठवीच्या वर्गात बसायच्या आधी मांडवात बसले.

पोरगी नऊ वर्षाची हाय. लोक मंद म्हणतात, कुणी येडी म्हणतं, सासू म्हणती अर्धवट. अर्धवट तर अर्धवट, पण मग कुठलं अर्ध हाय अन् कुठलं न्हाई, ते कुणीच सांगंना. जन्मली तवा रडली न्हाई. गाडी मिळंस्तोवर येळ गेला, डोक्याला हवा कमी पडली, असं डॉक्टर म्हणला. बोलती थोडंच. माय म्हणती, भाकर म्हणती, बस म्हणती. अन् भाजतंय म्हणती. ह्यो शब्द तिला ऊसाच्या फडावर चुलीनं शिकवला, हाताला डाग हाय अजून.

दिवाळी झाली की आमी ऊस तोडायला जातो. टोळीचा ट्रॅक्टर येतो, भांडीकुंडी, शेरडं, लेकरं, समदं त्यात. सासू पण येती, मोळ्या बांधायला. मग पोरगी कुणापाशी ठिवायची? फडावर मी तिला कोपीच्या मेढीला साडीनं बांधते. पायाला. कोपी म्हणजे आमची पालापाचटाची झोपडी, मेढ म्हणजे तिचा खांब. टोळीतल्या बाया म्हणतात, "काय गं, जनावरावाणी बांधतीस लेकराला." मग सोडते बाई, तू सांभाळ, म्हणलं की तिला लगीच मोळी उचलायची आठवण येती. गेल्या साली गाठ सुटली अन् पोरगी ट्रॅक्टरच्या चाकापुढं जाऊन बसली, चाकाला हात लावत. चालवणाऱ्यानं बघितलं म्हणून. अन् आता ती वाढायला लागलीय. टोळीत सगळेच काका-मामा नसतात. ते मी कुणाला बोलत न्हाई, पण कोयता चालवताना दर घावाला माही मान कोपीकडं वळती.

म्हणून मला एकच पाह्यजे व्हतं. वडवणीच्या रस्त्याला पुढाऱ्याची संस्था हाय, तिथं असल्या लेकरांचं वसतिगृह हाय. तिथं तिला जागा मिळावी, ट्रॅक्टर यायच्या आत. दुसरं काई न्हाई.

जागा मिळायला परीक्षा व्हती. चित्रावर चित्र ठिवायचं, लहानमोठं ओळखायचं, गावाचं नाव सांगायचं. म्हंजे बघा, ज्या लेकराला येत न्हाई त्याच्यासाठीची शाळा, अन् आत घ्यायचं म्हणलं तर आधी आलं पाह्यजे. हे मी सरांना इचारलं. सर म्हणले, "बाई, शासनाचा नियम असतो." नियम म्हणलं की आमच्यासारख्यांनी मान हालवायची असती. हालवली.

सर तिथले मोठे. डोळ्यावर चष्मा, खिशाला दोन पेन. करोनात पुढाऱ्यानं हवेच्या मशिनी आणल्या व्हत्या, दर मशीनीवर त्याचा फोटो, हात जोडलेला. मशिनी आल्या तवर जाणारे गेले अन् राह्यलेले बरे झाले. मग त्या हॉलात पडल्या, वर उंदरं. पडलेल्या वस्तूचं काय करावं तर सरांनी मोबाईलात काईतरी वाचलं. मतिमंद माणसाला जास्तीचा ऑक्सिजन दिला तर डोकं जास्त चालतं म्हणं, बाहेरच्या देशात करून बघितलंय.

आमा सगळ्या आयांना बसवून त्यांनी समजून सांगितलं. "चुलीत जाळ कमी झाला की तुम्ही काय करता?"

"फुंकणी मारतो," बाया म्हणल्या.

"तसंच. मेंदू म्हणजे चूल. हे मशीन म्हणजे फुंकणी. हवा गेली की भडकतो." मग माह्याकडं बघून म्हणले, "तुमच्या मुलीला जन्मताना जी हवा कमी पडली ना बाई, तीच आपण आता देतोय."

मला रडू आलं. खोटं कावून सांगू. हवेपायी गेलं ते हवेनं येईल, असं कुणी आजवर म्हणलंच नव्हतं. शेजारची बाई कोपरानं ढोसून म्हणली, "तूच लाव की नळी, जिना चढलीस तर कुत्र्यावाणी धापायलीस." एकदा लावून बघितली पण, सर भाईर गेलते तवा. मला वाटलं काय तर वास असंल, डोक्यात उजेड पडंल. काई न्हाई. गार वारं. डोकं व्हतं तिथंच राह्यलं.

पण पोरीचं सांगते. पह्यल्या दिशी नुसतीच बसली. मग दोनचार खेपांनी, नळी नाकात, सरांच्या हाताखालची एक बाई तिच्यापुढं चित्रं मांडून बसलेली, अन् पोरीनं सुर्व्यावर सुर्व्या ठिवला. गाईवर गाय ठिवली. बिनानळीचं करून बघितलं तर गाईवर छत्री. परत नळी लावली तर गाईवर गाय. माह्या डोळ्यांनी बघितलंय. सर टाळी वाजवून म्हणले, "बघा! बघा!"

मग एक दिवस लाईट गेली. आमच्याकडं लाईट जाती त्यात काय नवल न्हाई. सर फोनवर बोलायलते. मशीनीची गुरगुर थांबली, ती मला ऐकू आली, म्हंजे ऐकू यायची थांबली. नळी आपली नाकात तशीच. पोरीनं गाईवर गाय ठिवली, छत्रीवर छत्री, मग एक चुकली, मग आपणच उचलून बरूबर ठिवलं.

"सर, मशीन बंद हाय," म्हणलं.

सर म्हणले, "तो रक्तात राहतो बाई. तुम्हाला नाही कळायचं."

न्हाई कळायचं तर न्हाई. मला एवढं कळत व्हतं, की घरी कुणी तिच्यापुढं चित्रं मांडून, "बघ माय, बघ" करत, बरूबर आलं की बिस्कूट देत, घटकाभर बसलेलं न्हाई. मी न्हाई, बाप न्हाई, कुणी न्हाई. आता ते डोकं हवेनं चालायलतं का बिस्कुटानं का बाईच्या आवाजानं, देवाला ठावं. मला काय करायचंय? दगडाची पूजा करून चाललं असतं तरी केली असती. जागा मिळाली म्हंजे झालं.

अन् मग पुढाऱ्याला वाटलं, ह्या हवेचं लोकार्पण करावं.

रस्त्यावर फलक लागले. पुढारी केवढा, अन् खाली लेकरं केवढी, मुंग्यावाणी. सरांनी सांगून ठिवलं, लेकरांना न्हाऊमाखू घालून, चापून तेल लावून आणा, फोटो चांगले यायला पाह्यजेत. मी खोबऱ्याचं तेल चोळलं, दोन येण्या घातल्या, ओठ फुटलेले म्हणून मलम लावलं. नाकातली नळी फोटोत दिसत न्हाई म्हणून त्या दिशी मास्क आणलेले. नऊ वर्षाची माही पोरगी मोठ्या माणसाच्या मास्कात बसली, नुसते डोळे वर.

कारेक्रम चालू व्हायच्या आधी एक गंमत झाली. एका लेकराचा बाप दारात बिडी वढायलता. सर धावत गेले, त्याचं बखोट धरलं. "अक्कल आहे का? ऑक्सिजन आहे आत! एक ठिणगी पडली तर भडका उडेल! निरक्षर लोक!" भिंतीवर पाटीच व्हती, बिडी-सिगारेट मना. त्यो बाप बिचारा खाली मान घालून गेटाभाईर जाऊन उभा राह्यला. समद्यांनी त्याला वाईट नजरंनं बघितलं. मी पण बघितलं.

मग पुढारी आला, हार झाले, नारळ झाला. सर माईकवर म्हणले, "आता ताईसाहेबांच्या हस्ते आपल्या पहिल्या विद्यार्थिनीचं औक्षण." पुढाऱ्याची बायको उठली. ताटात निरांजन, तुपाची वात, चांगली मोठी.

बिडीची आग म्हंजे आग. निरांजनाची आग म्हंजे देव. ती कुणाला आग दिसतच न्हाई. दोन पेन खिशाला लावून दिसत न्हाई, हातभर सोनं घालून दिसत न्हाई, पाटी वाचून पण दिसत न्हाई. ज्या माणसानं आमाला फुंकणीची गोष्ट सांगितली, त्यो माणूस फुंकणीपुढं दिवा धरायला माईकवर बोलवायलता.

बाईनं लांबनंच ओवाळलं आधी. ते बरं व्हतं. पण फोटोवाला म्हणला, "ताई, ताट जवळ घ्या, उजेड तोंडावर पडंना. अन् वैनी, पोरीचे हात धरा, हालायली ती."

म्हणून मी हात धरले. जोडून धरले, नमस्कारावाणी.

ती हालायलती कारण तिला कळलं व्हतं. ताट जवळ आलं तसं तिनं मान वळवली अन् मास्काच्या आतून म्हणली, "भाजतंय." मी ऐकलं. पुढाऱ्याच्या बायकोनं पण ऐकलं, ती हासली, "अगं न्हाई गं बाई, दिवा हाय, बाप्पाचा." समदा हॉल हासला. पोरगी परत म्हणली, "माय, भाजतंय."

ताट जवळ आलं.

त्या भरल्या हॉलात आग एकट्या तिलाच ओळखू आली. चित्रावर चित्र ठिवायचंच ना? चुलीवर दिवा ठिवला तिनं. बरूबर ठिवला. पण त्या दिशी मार्क द्यायला कुणी बसलं नव्हतं.

गाल भाजला, एक बाजू. भिवई गेली, कानापाशी केस गेले. डोळा वाचला. सरकारी दवाखान्यात नर्स मलम लावताना म्हणली, "दिवा? ऑक्सिजनपाशी दिवा? कोण शहाणं होतं?" म्हणलं, "समदेच शहाणे व्हते बाई."

सर आले भेटायला, मोसंबी घेऊन. बसायच्या आधी इचारलं, "तेल का लावलं होतं केसांना? तेलानंच पेट घेतला असणार."

"तुमीच म्हणलता, चापून लावा."

"मी सर्वसाधारण बोललो होतो."

सर्वसाधारण. मोसंबी आंबट निघाली.

मग फोटोवाल्यानं काढलेले फोटो गावोगाव फिरले. त्यात पुढारी पळताना साफ दिसायलता, चप्पल सोडून. त्याचं लई हासं झालं वडवणीच्या बाजारात. म्हंजे पोरगी भाजली त्याचं काई न्हाई, चप्पल सुटली त्याचं पुढाऱ्याला वाईट वाटलं. वरनं चौकशी येणार म्हणून कळलं अन् पुढाऱ्याचा एक माणूस घरी आला, दिवस मावळायला. सोबत सर. पोरीच्या बापानं खुर्च्या मांडल्या, शेजाऱ्याच्या घरनं आणून.

"वैनी," त्यो माणूस म्हणला, "तुमची जागा पक्की. पोरगी सोमवारपासून वसतिगृहात. परीक्षा न्हाई, काई न्हाई. फकस्त मोबाईलपुढं एवढंच बोलायचं, की पोरीनंच एकदम ताटाला हात मारला. तिला समजत न्हाई ना. तिचा दोष न्हाई, कुणाचाच दोष न्हाई. झालं."

"तिनं हात मारला न्हाई," म्हणलं.

"आवो, मारला असंल की. येड्या लेकराचं काय सांगावं."

सर म्हणले, "बाई, भावनेत येऊ नका. मुलीचं भविष्य बघा. मशिनी पुन्हा चालू झाल्या की तिला रोज देऊ."

पोरीचा बाप मला आत घेऊन गेला. "एक वाक्य हाय. म्हण की. ट्रॅक्टर यायला आलाय, तिला परत बांधायचीय का तुला? पोरीला काय कळतंय, तिच्या नावावर एक खोटं गेलं तर तिला काय फरक पडतोय?"

सासू चुलीपुढनं म्हणली, "जागा मिळती तर घे माय. लई शाणपण नको करू."

मी भाईर आले. म्हणायचं ठरवूनच आले. पदर सारखा केला. त्या माणसानं मोबाईल धरला, म्हणला अंधार पडलाय, अन् त्याचा दिवा लावला. पांढरा फक्क उजेड तोंडावर आला. मी म्हणलं, "पोरीनं..."

पोरगी माह्या पाठीमागं उभी व्हती. उजेड बघितला अन् तिनं भाजलेला गाल झाकला, दोन्ही हातांनी. "भाजतंय माय," म्हणली.

मला धाप लागली. पुढचे शब्द पाठ व्हते, ओठापर्यंत आलते. तोंडातून दुसरंच निघालं. "पोरीचे हात माह्या हातात व्हते. फोटोवाल्यानं धर म्हणलं म्हणून मी धरलेले. ती आधीच म्हणली व्हती भाजतंय. तुमी समदे हासलात."

त्या माणसानं मोबाईल खाली केला. "पुसून टाकतो, परत म्हणा."

परत पण तेच निघालं. मी मुद्दाम करत नव्हते. शप्पत.

"डोकं फिरलंय बाईचं," त्यो म्हणला. सरांनी चष्मा पुसला. म्हणले, "म्हणून म्हणतो, आईच शिकलेली नसली की लेकरांचं असं होतं." खुर्च्यावरनं उठले अन् गेले. दवाखान्यात आणलेल्या मोसंब्यांची पिशवी घरात राह्यली व्हती, ती मागं पाठवून दिली.

सोमवारी जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली. त्या आईनं काय बोलून घेतली मला म्हाईत न्हाई, अन् मी तिला नावं पण ठिवत न्हाई.

आता हे फडावर, कोपीत बसून लिहायलीय. पोरगी मेढीला हाय, जुन्या हिरव्या साडीनं, गाठ दोनदा बघितली. गालावर कातडं गुलाबी आलंय. कुठनं तरी पपईचा देठ आणलाय तिनं, पोकळ असतो ना, त्यो नाकाला लावून बसती अन् ऊसाच्या कांड्या मांडती. लहानीपाशी लहानी, मोठीपाशी मोठी. चुकली की आपणच बदलती. देठात कसली हवा आलीय? पण देठ काढून घेतला की मांडत न्हाई, रुसती. आता ह्याच्यावरनं सरांनी काय ते समजून घ्यावं. मला येळ मिळाला तर मी पुढं बसते, "बघ माय, बघ" म्हणते. येळ मिळतो कुठं.

पोरीचा बाप धड बोलत न्हाई. टोळीतल्या बाया म्हणतात, "एक वाक्य, बाई, एका वाक्यात पोरगी चार भिंतीत गेली असती. खऱ्याची काय चटणी करून खाणार हाईस का?" बरूबर बोलतात. काल ट्रॅक्टर वळायलता अन् मी मोळी टाकून कोपीकडं पळाले, पळताना छातीत कळ आली, अन् गाठ तशीच व्हती, ती कांड्या मांडत बसली व्हती. तिथंच मटकन् खाली बसले. मला वाटलं, म्हणायला पाह्यजे व्हतं. मग तिनं माह्याकडं बघितलं, अन् देठ माह्या नाकाला लावला, अन् वाट बघत बसली. आता हुशार व्हईल म्हणून.

तुमी शिकलेली माणसं. तुमच्या घरात मशीनीवाचून हवा येती, तुमच्या लेकरांना कुणी मेढीला बांधत न्हाई. तुमीच सांगा. तुमच्यापुढं मोबाईल धरला असता, पोरगी मागं गाल झाकून उभी असती, अन् ट्रॅक्टर यायला आला असता, तर तुमी काय केलं असतं?